जोडीतला एक पक्षी गेला तर: कॉकटीलची पिल्लं हातावर वाढवताना

सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी जोडीतला एक पक्षी मेलेला दिसतो आणि वर बॉक्समध्ये चार पिल्लं चोची वासून ओरडत असतात. अशा वेळी बहुतेकांचा हात थेट सिरिंजकडे जातो. तिथेच थांबा. हातावर घेतलेली पिल्लं भुकेनं क्वचित मरतात. मरतात ती गारठ्यानं, नाहीतर घाईत दिलेल्या घासानं. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. आणि या सगळ्याच्या आधी, मागे राहिलेला पक्षी एकट्यानं किती निभावू शकतो ते पाहा. आपण त्याची उरलेली अर्धी बाजू भरून काढायची असते, सगळं हिसकावून घ्यायचं नसतं.

खालचे आकडे कॉकटील या लहान, तुरेवाल्या पोपटाचे आहेत. बाजारात याच पक्ष्याला कॉकटेल म्हणतात आणि इंदुरात घरोघरी हाच जास्त दिसतो. बजी आणि लव्हबर्डचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. आपल्या देशी पोपटाचं पिल्लू मात्र या लेखात बसत नाही. मिठू पाळणं, विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. असं पिल्लू झाडाखाली सापडलं तर वन विभागाला कळवा. सन कॉन्युर, आफ्रिकन ग्रे यांसारख्या साइटिस (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या विदेशी पक्ष्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते आणि पिल्लं झाली की तीही कळवावी लागतात. साधी बजी, कॉकटील आणि पीचफेस लव्हबर्ड त्या यादीत नाहीत. फिशर लव्हबर्ड मात्र आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

पहिला तास

मेलेला पक्षी फेकू नका. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, घरच्या खाण्यापासून वेगळ्या डब्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको, गोठल्यावर आतले अवयव तपासण्यालायक राहत नाहीत. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. फोन करून, चोवीस तासांच्या आत शवविच्छेदनासाठी नेता आलं तर जरूर न्या. मादी अंडं अडकून गेली असेल तर पिल्लांना धोका नाही. संसर्गानं गेली असेल तर पिल्लं, उरलेला पक्षी आणि तुम्ही स्वतः, तिघांचाही प्रश्न आहे. सिटॅकोसिस हा पोपटवर्गीय पक्ष्यांचा आजार माणसाला होतो. म्हणून तो पिंजरा साफ करताना मास्क लावा आणि वाळलेली विष्ठा आधी पाण्यानं भिजवून मगच खरवडा, धूळ उडू देऊ नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घरात कुणाला ताप, कोरडा खोकला, जबर डोकेदुखी झाली तर डॉक्टरांना "घरात पक्षी आहेत" हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

आता पिल्लं. एकेक उचलून पाय आणि पोट गालाला लावून बघा. कोमट लागलं तर वेळ आहे. गार लागलं तर काहीही भरवायचं नाही, कारण गारठलेल्या पिल्लाची पचनाची हालचालच थांबलेली असते. गळ्याखालच्या पिशवीत, म्हणजे क्रॉपमध्ये घातलेलं अन्न तिथेच पडून आंबतं. ओंजळीत धरून, मग ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबदार खोक्यात, अर्ध्या-एक तासात हळूहळू ऊब द्या. पाय गुलाबी आणि उबदार झाले, पिल्लू मान वर करून मागू लागलं, की पहिला घास नुसत्या कोमट ओआरएसचा, वजनाच्या पाच टक्के. म्हणजे २० ग्रॅमच्या पिल्लाला १ मिली. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात घाला. अंदाजानं चिमूटभर टाकली की मिठाचं प्रमाण बिघडतं आणि तेवढ्यानंही इवल्या जिवाला त्रास होतो.

उरलेल्या पक्ष्यावर किती सोडायचं

कॉकटीलमध्ये नर-मादी दोघंही उबवतात आणि दोघंही भरवतात. साधारणपणे नर दिवसा बसतो, मादी रात्री. नर एकटा राहिला तर दिवस निभावतो, रात्र उघडी पडते. मादी एकटी राहिली तर दिवसा ती खायला बाहेर येते तेव्हा बॉक्स गार होतो. पिल्लं बारा-चौदा दिवसांची, अंगावर काटे, म्हणजे पिसांचे न उघडलेले कोंब आलेली आणि तीन-चार मिळून असतील तर एकमेकांना ऊब देतात. अशा वेळी इंदूरच्या एप्रिल ते ऑक्टोबरच्या हवेत त्यांना हलवायची गरज नसते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली उतरतं, तेव्हा बॉक्सच्या तळाखाली, अर्ध्याच भागाखाली, कमी वॅटचं हीटिंग पॅड ठेवा. अर्धाच भाग अशासाठी, की जास्त ऊब लागली तर पिल्लांना सरकायला जागा हवी.

बजी आणि लव्हबर्डचं गणित वेगळं. तिथे उबवते फक्त मादी. नर तिला भरवतो आणि ती पिल्लांना. नर गेला तर मादी दोन-तीन पिल्लं सहज वाढवते, फक्त मऊ खाणं आणि पाणी घरट्याच्या मटक्याच्या तोंडाजवळ हवं, लांब उडून जावं लागू नये. पाच-सहा पिल्लं असतील तर मोठी दोन काढून हातावर घ्या. सगळ्यात लहान पिल्लाची दया येऊन तेच उचललं जातं, पण हे उलटं होतं: लहान पिल्लाला आईच्या पोटातून येणारं पातळ, पचायला हलकं अन्नच हवं असतं आणि मोठं पिल्लू सिरिंजवर लवकर रुळतं. मादी गेली आणि पिल्लं दहा दिवसांच्या आतली असतील, तर नराच्या भरवशावर ठेवू नका. तो खायला घालेलही, पण ऊब देणार नाही.

पिल्लं बॉक्समध्येच ठेवलीत तर सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोन वेळा वजन आणि क्रॉप बघायचं. संध्याकाळी क्रॉप भरलेला आणि रोज सकाळचं वजन आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर काही करू नका. एखाद्याचं वजन अडलं तर त्या एकट्याला दिवसातून दोन-तीन घास वरून द्या आणि परत आत ठेवा.

दुसऱ्या जोडीकडे पिल्लं सोपवणं हा हातावर वाढवण्यापेक्षा नेहमीच चांगला मार्ग, विशेषतः पाच दिवसांच्या आतल्या पिल्लांसाठी. जात तीच हवी, त्यांच्या स्वतःच्या पिल्लांच्या वयात चार-पाच दिवसांपेक्षा जास्त फरक नको, आणि एकूण पिल्लं पाचाच्या वर जाऊ देऊ नका. संध्याकाळी उशिरा, त्यांच्याच बॉक्समधला भुसा अंगाला लावून आत ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रॉप बघा. एकच अट: मृत्यूचं कारण कळलेलं असावं. ते कळलं नसेल तर एका घरातला आजार तुम्ही स्वतःच्या हातानं दुसऱ्या जोडीत नेऊन सोडाल.

ब्रूडर

महागडं यंत्र लागत नाही. जाड थर्माकोलचा खोका किंवा झाकणाचा प्लास्टिकचा डबा, साधारण दीड फूट बाय एक फूट. एका बाजूला हीटिंग पॅड, नाहीतर जाळीत बंद केलेला सिरॅमिक हीटर. अंडी उबवणारे वापरतात तो डिजिटल थर्मोस्टॅट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. त्याचा सेन्सर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगायचा, झाकणाला नाही. झाकणाजवळ आणि तळाशी तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो. सेन्सरवर विसंबून न राहता शेजारी वेगळा तापमान-आर्द्रता मीटर ठेवा. साध्या बल्बनंही काम भागतं, पण चोवीस तास उजेडात पिल्लं नीट झोपत नाहीत आणि बल्ब रात्री दोनला उडतो.

जन्मापासून पाच दिवस ३५ ते ३६ अंश सेल्सिअस. सहा ते दहा दिवस ३३ ते ३४. काटे येऊ लागले की, म्हणजे साधारण अकरा ते वीस दिवस, ३० ते ३२. चौथ्या आठवड्यात २७-२८, आणि पिसं पूर्ण आल्यावर २४-२५ पुरे. पण आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. एकमेकांवर चढून गोळा झाली, अंग थरथरतंय, तर गार आहे. वेगवेगळी पसरली, पंख अंगापासून दूर, चोच उघडी, कातडी लालभडक, तर गरम आहे. आरामात असलेली पिल्लं एकमेकांना टेकून, मान शेजाऱ्याच्या पाठीवर टाकून झोपतात.

आर्द्रता ५० ते ६० टक्के हवी, नुकत्याच जन्मलेल्यांना थोडी जास्त. पावसाळ्यात इंदूरला ती आपोआप मिळते. खरी अडचण एप्रिल-मे मधली. दुपारी बाहेर बेचाळीस अंश, कोरडी लू, आणि खोलीचंच तापमान ब्रूडरला हवं त्याहून वर जातं. थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, पण गार करू शकत नाही. ब्रूडर घराच्या सगळ्यात आतल्या, भिंतीला ऊन न लागणाऱ्या खोलीत ठेवा आणि आत जाळीनं झाकलेली पाण्याची वाटी ठेवा. जाळी हवीच, त्या वाटीत पिल्लू बुडतं. कूलरचा झोत थेट ब्रूडरवर नको. आणि माळव्यातली रात्र उन्हाळ्यातही उतरते, तेव्हा दिवसा बंद असलेला हीटर पहाटे चालू व्हायलाच हवा. दुपारी प्लग काढून ठेवला आणि रात्री विसरला, असं फार होतं.

वीज गेली तर: दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी, प्रत्येकीला जाड फडकं गुंडाळून ब्रूडरच्या एका बाजूला. झाकणावर चादर, हवेची भोकं मोकळी. थर्माकोलचा खोका अर्धा-पाऊण तास ऊब धरतो, प्लास्टिकचा धरत नाही.

आतमध्ये प्रत्येक पिल्लाला, किंवा दोघांना मिळून, पसरट वाटी. तिच्यात फडकं आणि वर टिश्यू पेपर. गुळगुळीत तळावर पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि आठवड्याभरात तसेच बसतात. पाय फाकताना दिसले की लगेच वाटी लहान करा, म्हणजे पाय अंगाखाली राहतील. त्यानं न भागल्यास पहिल्या दहा-बारा दिवसांतच पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून बांधून घ्या. हाडं पक्की झाल्यावर उपाय उरत नाही. लाकडाचा भुसा लहान पिल्लांना घालू नका, ती तो गिळतात.

त्या खोलीत उदबत्ती, डासांची कॉइल, परफ्यूम काही नको. नॉनस्टिक तवा फार तापला की त्यातून निघणाऱ्या वाफेनं पक्षी मिनिटांत दगावतात, म्हणून स्वयंपाकघराला लागून ब्रूडर ठेवूच नका. राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या दिवशी रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. गुलालाची बारीक धूळ आणि ढोल-डीजेचा दणका दोन्ही पिल्लांना सोसत नाहीत.

काय भरवायचं, किती, केव्हा

पोपटवर्गीय पिल्लांसाठीची तयार हँडफीडिंग पावडर घ्या. पाकीट सीलबंद हवं. दुकानदार किलोच्या पाकिटातून सुटी बांधून देतो ती घेऊ नका, ती किती दिवस उघडी होती कोण जाणे. उघडल्यावर हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये.

आपल्याकडे सत्तू किंवा बेसन पातळ करून भरवायची जुनी रीत आहे. त्यानं पिल्लू जगल्यासारखं दिसतं, पण कॅल्शियम फार कमी पडतं: हाडं वाकतात, पाय अधू होतात, आणि बेसन क्रॉपमध्ये लगद्यासारखं बसतं. दूध तर अजिबात नको, पक्ष्यांना ते पचत नाही. पावडर मिळेपर्यंत एखाद्या दिवसाची वेळ मारून न्यायची असेल तर बाळाचं गव्हाचं दूधविरहित सीरियल, उकडलेल्या अंड्याच्या बलकासोबत पातळ करून गाळलेलं चालेल. एकच दिवस.

घट्टपणा वजनानं ठरवा, चमच्यानं नाही. पहिले दोन दिवस १ ग्रॅम पावडरला ९ मिली पाणी. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी १ ला ५. सहाव्या-सातव्या दिवसापासून पुढे १ ला ३. उदाहरणार्थ, पन्नास ग्रॅमची चार पिल्लं असतील तर एका वेळेला २० मिली लागेल: ६ ग्रॅम पावडर, १८ मिली पाणी. पाणी उकळून पन्नास अंशांपर्यंत निववा, पावडर घालून गुठळ्या मोडा, दोन मिनिटं थांबा. थांबायचं कारण असं की पावडर पाणी ओढते आणि ताजं कालवलेलं पातळ दिसणारं मिश्रण सिरिंजमध्ये शिरेपर्यंत घट्ट होतं. घट्ट झालं तर थोडं पाणी घाला. चहाच्या गाळणीतून गाळा.

भरवताना तापमान ३९ ते ४१ अंश. त्रेचाळीसच्या वर क्रॉप आतून भाजतो. हे लगेच दिसत नाही. चार-पाच दिवसांनी गळ्यावर लाल, मग काळसर खपली येते आणि खपलीतून अन्न झिरपू लागतं. अडतीसच्या खाली पिल्लू तोंड फिरवतं आणि घेतलंच तर पचन मंदावतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, वरून कोमट लागतं आणि मधे चटका देणारा गोळा राहतो. मिश्रणाची वाटी गरम पाण्याच्या मोठ्या वाटीत ठेवा, ढवळा आणि थर्मामीटर बुडवून बघा. मनगटावर थेंब टाकून बघणं बाळाच्या दुधाला ठीक आहे. इथे दोन अंशांनी फरक पडतो आणि मनगटाला दोन अंश कळत नाहीत.

एका वेळेला वजनाच्या दहा टक्के, हा ढोबळ नियम. जन्मतः चार-पाच ग्रॅमच्या पिल्लाला अर्धा मिलीसुद्धा नाही, दर दोन तासांनी, रात्री दोन-तीन वेळा धरून. अंड्यातून नुकतं आलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर असतं, त्याला पहिले आठ-दहा तास काही देऊ नका. आठवड्याचं पिल्लू २० ते २५ ग्रॅम: २ ते अडीच मिली, दर तीन तासांनी, रात्री एकदा. दोन आठवड्यांचं पन्नासच्या आसपास: ५ मिली, दिवसातून पाच वेळा, आणि रात्र मोकळी. तीन आठवड्यांचं पंचाहत्तर-ऐंशी: ७ ते ८ मिली, चार वेळा. चार आठवड्यांचं पंच्याऐंशी-नव्वद: ८ ते १० मिली, तीन वेळा.

वजनासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, सराफ्यात सोन्याच्या दुकानांत असतो तसा छोटा डिजिटल. रोज सकाळी, पहिल्या घासाच्या आधी, रिकाम्या क्रॉपनं वजन करून वहीत लिहा. पहिल्या तीन आठवड्यांत एक दिवस वजन वाढलं नाही तर तो पहिला इशारा. दोन दिवस वाढलं नाही तर डॉक्टर. बाकीची लक्षणं दिसायच्या आधी काटा सांगतो, म्हणून ही वही कुणालाही भरवायला देण्याआधी त्याच्या हातात ठेवा.

घास देताना

पिल्लू टेबलावर, दुमडलेल्या टॉवेलवर, तोंड तुमच्याकडे. डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत डोकं हलकंच, जबड्याच्या दोन्ही बाजूंनी. दाब नको, फक्त आधार. उरलेली बोटं पाठीमागे. सिरिंज पिल्लाच्या स्वतःच्या डाव्या बाजूनं, म्हणजे तुमच्या उजवीकडून चोचीत घालायची आणि टोक तिरकं त्याच्या उजव्या बाजूकडे रोखायचं. कारण जिभेच्या मुळाशी मधोमध श्वासनलिकेचं तोंड असतं आणि अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगानं खाली जाते. सरळ मधे पिचकारी मारली तर अन्न फुप्फुसात.

टोक लागताच पिल्लू मान वरखाली हलवू लागतं. या लयीतच दांडा दाबायचा: ते उचकतंय तोवर द्यायचं, थांबलं की थांबायचं. उचकताना श्वासनलिका मिटलेली असते, हेच त्याचं रक्षण. मागत नसलेल्या पिल्लाच्या तोंडात बळेच अन्न घालणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक. आधी चोचीच्या कडेला बोट लावून मागायला लावा. तरी मागत नसेल तर ऊब बघा, क्रॉप बघा. भरलेला असेल तर त्याला भूकच नाही.

किती झालं हे क्रॉप बघून कळतं. भरलेला क्रॉप गळ्याखाली सैल कणकेच्या गोळीसारखा लागावा, बोटानं किंचित दबावा. ताणलेल्या फुग्यासारखा, वरची कातडी चकाकणारी, हे जास्त झालं. अन्न मानेत वर दिसू लागलं तर फारच झालं, पिल्लू लगेच आडवं धरू नका, मागे उलटून श्वासात जाईल. क्रॉपमध्ये हवेचा बुडबुडा दिसला तर सिरिंजमधली हवा आधी काढायची राहिली होती. सिरिंज प्रत्येक पिल्लाला वेगळी. आतलं काळं रबर सैल झालं की सिरिंज टाकून द्या. ते रबर निघून पिल्लाच्या पोटात गेलं तर शस्त्रक्रियाच.

घास झाला की चोच आणि हनुवटी कोमट पाण्याच्या कापसानं पुसा. तिथे वाळलेलं अन्न राहिलं की चोच वाकडी वाढते आणि बुरशी धरते. उरलेलं मिश्रण फेकून द्या, पुढच्या वेळेला पुन्हा गरम करू नका. सिरिंज सुटी करून गरम साबणाच्या पाण्यात धुवा, पाच मिनिटं उकळा, वाळवा.

अन्न श्वासात गेलं तर पिल्लू शिंकतं, नाकपुडीत बुडबुडा येतो, श्वासाला चटचट आवाज येतो. घास ताबडतोब थांबवा, डोकं खाली करून तोंड पुसा, उबेत ठेवा. आवाज दहा मिनिटांत गेला नाही तर थेट डॉक्टर. उद्या बघू म्हटलं तर न्यूमोनिया.

क्रॉप रिकामा होत नसेल

सगळ्यात जास्त पिल्लं इथे हातची जातात, म्हणून थोडं सविस्तर. दिवसाच्या घासांमध्ये क्रॉप जवळजवळ रिकामा व्हावा आणि चोवीस तासांत एकदा, पहाटे, पूर्ण सपाट. पहाटे सातला कालचं अन्न तिथेच दिसलं तर त्यावर नवा घास घालू नका. आंबलेल्या ताकाच्या भांड्यात ताजं दूध ओतल्यासारखं होतं.

कारणं क्रमानं तपासा. आधी ब्रूडरचं तापमान, पिल्लाच्या पाठीजवळ मोजून. मग कालच्या मिश्रणाचं तापमान आणि घट्टपणा. मग पिल्लाची कातडी: सुरकुतलेली, तोंडात लाळेचे तार, म्हणजे पाणी कमी पडलंय. यातलं काही सापडलं तर ते सुधारा, वजनाच्या दोन-तीन टक्के कोमट ओआरएस द्या आणि क्रॉपला बोटाच्या टोकानं हलके गोल चोळा, म्हणजे आतला गोळा मोकळा होईल. दोन तासांनी हललं तर पुढचे दोन घास पातळ, १ ला ६, आणि निम्मे. चार-सहा तासांत काहीच हललं नाही, तोंडाला आंबट वास येतोय, किंवा तोंडात पांढरे चट्टे दिसताहेत, तर तो जंतुसंसर्ग किंवा बुरशी. औषध वजनावर मोजून द्यावं लागतं आणि ते डॉक्टरांचंच काम. व्हिनेगर, खाण्याचा सोडा, माणसांच्या अँटिबायोटिकच्या गोळीचा चुरा, हे सगळे सल्ले कुणी ना कुणी देईल. ऐकू नका. अँटिबायोटिकनं चांगले जंतू मरतात आणि बुरशी आणखी फोफावते. क्रॉप उलटा करून रिकामा करायचाही प्रयत्न घरी करू नका, ते अन्न श्वासातच जातं.

विष्ठेकडेही लक्ष हवं. मऊ, आकार असलेली, सोबत पांढरा भाग: उत्तम. पांढऱ्या जागी पिवळा किंवा हिरवा भाग आला तर यकृताचा आजार असू शकतो, आणि पालक पक्षी कशानं गेला हे माहीत नसेल तेव्हा ही खूण मुळीच सोडू नका.

खायला शिकणं

चौथ्या आठवड्यापासून ब्रूडरच्या तळाशी राळं, म्हणजे इंदुरात ज्याला कांगणी म्हणतात ती, कणसासकट ठेवा. सोबत मोड आलेले मूग, उकडलेल्या मक्याचे दाणे, बारीक चिरलेला शेवग्याचा पाला, मेथी, उकडलेलं अंडं. मोड आलेलं धान्य उन्हाळ्यात दोन तासांत काढून टाका. उथळ वाटीत पाणी. पोह्यावरची शेव मुलं कौतुकानं पिल्लासमोर धरतात, ती मीठ आणि तेलामुळे नको. कांदा, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो कधीच नाही.

पाचव्या आठवड्याच्या सुमारास उडू लागली की वजन आठ-दहा टक्के उतरतं. हे नेहमीचं आहे, शरीर उडण्यापुरतं हलकं होतं. पंधरा टक्क्यांच्या वर उतरलं तर घास वाढवा. घास कमी करायचा तो पिल्लानं नाकारल्यावर, आपल्या सोयीनं नाही: आधी दुपारचा सुटतो, मग सकाळचा, रात्रीचा सगळ्यात शेवटी. सात ते दहा आठवडे लागतात. उपाशी ठेवलं की लवकर खायला शिकतं हा गैरसमज आहे. उपाशी पिल्लू दाणे टिपत नाही, कोपऱ्यात बसून ओरडत राहतं. आणि सुटं खात नाही तोवर पिल्लू कुणाला देऊ नका. नवीन घरी सिरिंज धरायला शिकवता येतं, पण ते शिकताना पिल्लू जातं.

भावंडं एकत्रच वाढवा. एकटं वाढलेलं पिल्लू माणसालाच जोडीदार समजू लागतं आणि पुढे स्वजातीयांत मिसळत नाही. पिसं आली की त्यांचा पिंजरा इतर कॉकटीलच्या शेजारी, नजरेत ठेवा.

राहिला तो एकटा पक्षी. पिल्लं काढून घेतली असतील तर बॉक्सही काढा, नाहीतर तो रिकाम्या बॉक्ससमोर दिवसभर हाका मारतो. मादी असेल तर समुद्रफेस (कटलबोन) पिंजऱ्यात अडकवून ठेवा, अंड्यांनी झिजलेलं कॅल्शियम भरून निघतं. पिल्लं तिच्याकडेच असतील तर पिल्लं बाहेर येऊन स्वतः खाईपर्यंत नवा नर आत सोडू नका. दुसऱ्याची पिल्लं तो चोचीनं मारू शकतो. नवा पक्षी आणला तरी तीस दिवस वेगळ्या खोलीत, आणि शवविच्छेदनाचा निकाल हाती येईपर्यंत तर आणूच नका.